देवाचे फूल आणि माणदेशाचे ऊन

घराच्या उन्हाच्या बाजूला बहुवर्षायू फुलझाड, म्हणजे एकदा लावले की अनेक वर्षे जगणारे आणि दर हंगामाला नव्याने पेरावे न लागणारे झाड, लावायचे ठरले की मराठी घरात सहसा दोन प्रश्न एकदमच पुढे येतात: ते ऊन सोसेल का, आणि त्याचे फूल देवाला चालेल का. पहिल्याचे उत्तर माती, पाणी आणि छाटणी जाणणाऱ्याकडे मागितले जाते, दुसऱ्याचे पूजाविधीच्या ग्रंथांकडे किंवा घरातल्या वडीलधाऱ्या बाईकडे, आणि हे दोन जाणकार एकमेकांशी बोलताना क्वचितच दिसतात. वास्तविक दोन्ही प्रश्नांच्या तळाशी एकच विचारणा आहे: जे झाड माणसाने वर्षानुवर्षे राखले त्याचे फूल तोडून देवाला वाहताना नेमके कोणी, कोणाला, काय दिले? पाण्याची चणचण नसलेल्या मुलखात ही विचारणा फुलांच्या विपुलतेत बुडून जाते; साताऱ्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यातील म्हसवडसारख्या गावी, ती टाळता येत नाही.

म्हसवड माण नदीच्या काठी, सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसले आहे. पर्जन्यछाया म्हणजे डोंगराने पावसाळी ढग अडवून रिते केल्यावर पलीकडे उरणारा कोरडा पट्टा. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि माणच्या वाट्याला पाचशेच्या आसपास येतो, तोही वेळेवर येईल याची हमी नसते. जवळचा राजेवाडीचा तलाव हा १८७६ ते १८७८ च्या मोठ्या दुष्काळाची आठवण आहे, आणि २०१२-१३ च्या दुष्काळात म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली तेव्हा माणसे गुरांसोबत तिथेच राहायला आली. मेंढपाळीचा हा मुलूख व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’मुळे मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. गावाचे दैवत सिद्धनाथ. तो भैरवाचे, म्हणजेच शिवाच्या उग्र रूपाचे, रूप मानला जातो. तुळशीच्या लग्नाच्या सुमारास त्याचा जोगेश्वरीशी विवाह लागतो आणि मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला रथ निघतो. ‘चांगभलं’च्या गजरात त्या रथावर जे उधळले जाते ते गुलाल आणि खोबरे. फुलांचे हार असतात, परंतु यात्रेचा रंग फुलांचा नसतो, आणि कोरड्या मुलखाच्या देवाला कोरडीच द्रव्ये प्रिय असावीत यात नवल नाही.

तरीही शिवाला फुले लागतात, आणि परंपरेने त्याच्यासाठी ठरवलेली फुले पाहिली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते, जिच्याकडे पूजाविधीचे ग्रंथ किंवा बागकामाची पुस्तके सहसा लक्ष देत नाहीत. रुई, धोत्रा आणि कण्हेर ही शिवाला वाहायची नेहमीची फुले होत. तिन्ही झाडे कडक उन्हात, मुरमाड जमिनीत, जवळपास विनापाण्याची तग धरतात, आणि तिन्ही विषारी आहेत: रुईचा चीक डोळ्यांना घातक, धोत्र्यातील द्रव्ये माणसाला भ्रमिष्ट करणारी, कण्हेरीची पाने हृदयाची गती बिघडवणारी. मेंढ्या आणि शेळ्या पाळणाऱ्या प्रदेशात जे खाण्याजोगे ते चरले जाते, आणि बांधावर, गावठाणाच्या पडीक जागेत, ओढ्याच्या काठी हिरवे उभे राहते ते बहुधा तेच, ज्याला जनावर तोंड लावत नाही. विषारीपणा हे त्या झाडांचे उन्हातले संरक्षण आहे, कारण जिथे पाने पुन्हा फुटायला वर्ष लागते तिथे पाने गमावणे झाडाला परवडत नाही. हलाहल पिऊन टाकणाऱ्या देवाला हीच फुले आवडतात ही कथा म्हणूनच निव्वळ कल्पनेची राहत नाही. उपासमारीने गाठलेल्या भूमीत गुरांच्या तोंडचे काढून देवाला द्यायचे नाही, आणि देव मात्र उपाशी ठेवायचा नाही, असा एक शहाणपणाचा तोडगा या फुलांच्या निवडीत दिसतो. तो कोणी जाणूनबुजून काढला असे म्हणता येणार नाही. पण तो टिकला, याला प्रदेशाची परिस्थिती कारण झाली असावी.

इथे लगेच एक आक्षेप उभा राहतो. जे कोणालाच नको होते ते देवाला वाहिले, तर त्यात अर्पण ते काय? पूर्वमीमांसा, म्हणजे वेदातील कर्मकांडाच्या अर्थनिर्णयाचे शास्त्र, याग या क्रियेची व्याख्या देवतेला उद्देशून केलेला द्रव्याचा त्याग अशी करते, आणि त्याग करायचा तर ते द्रव्य आधी त्याग करणाऱ्याचे असावे लागते. बांधावरची रुई कोणाची? ती लावली कोणी नाही, तिला पाणी कोणी घातले नाही. या दृष्टीने पाहिले असता पूजाविधीच्या परंपरेत फुलांची जी प्रतवारी सांगितली जाते ती अर्थपूर्ण ठरते: स्वतःच्या बागेतले फूल उत्तम, रानातून आणलेले मध्यम, विकत घेतलेले कनिष्ठ. निव्वळ मालकीचा निकष लावला असता तर बाजारातले फूल रानातल्या फुलाच्या वर बसायला हवे होते, कारण पैसे मोजल्यावर ते निश्चितपणे आपले होते. प्रतवारीने तसे केलेले नाही. तिच्या नजरेत पैशाने मिळवलेले स्वामित्व कमी मोलाचे आणि राखणीने मिळवलेले अधिक मोलाचे आहे, आणि रानातले फूल मधे येते ते निदान पहाटे उठून चालत जाऊन आणावे लागते म्हणून, असे मानायला जागा आहे.

बहुवर्षायू झाडाचे धार्मिक महत्त्व येथेच सुरू होते. हंगामी झेंडू तीन-चार महिन्यांत आपला सगळा जन्म उरकतो. दसरा-दिवाळीला त्याचे ढीग लागतात आणि शिमग्यापर्यंत त्याचा मागमूसही उरत नाही. दारचा चाफा, जास्वंद, मोगरा किंवा कण्हेर मात्र कुटुंबासोबत जगते. त्याची चार-दोन फुले रोज मिळतात, ढीग कधीच मिळत नाही, आणि ती मिळावीत म्हणून त्या झाडाला एका वर्षाचा नव्हे तर अनेक उन्हाळ्यांचा सांभाळ लागलेला असतो. फूल तोडण्याची क्रिया क्षणाची असते; जे वाहिले जाते ते त्यामागचे राखणे होय, आणि तोडणे ही त्या राखण्याची केवळ शेवटची, जवळपास औपचारिक पायरी आहे. याच तालुक्यातील शिखर शिंगणापूरला चैत्रात शंभू महादेवाच्या यात्रेसाठी कऱ्हेच्या पाण्याची कावड खांद्यावरून, शेवटी मुंगी घाटाच्या कड्यावरून वर चढवली जाते. तेथे पाणी हे द्रव्य फुकटचेच आहे. अर्पण होते ते वाहून आणणे. फुलझाडाला घातलेली पाण्याची प्रत्येक बादली ही त्याच जातीची कावड आहे, एवढेच की तिच्यामागे ढोल वाजत नाहीत आणि ती बहुधा घरातल्या बाईच्या कमरेवरून येते.

मग दुष्काळात ती बादली कोणाची? घरातली गाय आणि अंगणातली जास्वंद दोघीही तहानलेल्या असताना देवाच्या फुलासाठी पाणी राखून ठेवणे ही भक्ती ठरेल की अविवेक? धर्मशास्त्रात आपद्धर्म, म्हणजे संकटकाळापुरते सैल झालेले नियम, यांचे प्रकरण मोठे आहे, आणि त्याचा कल स्पष्ट आहे: प्राणाचे रक्षण आधी. संतपरंपरेचे उत्तर आणखी पुढे जाते. सोलापूर जिल्ह्यातील अरणचे सावता माळी, ज्यांची समाधी १२९५ मधील मानली जाते, त्यांनी पंढरपूर जवळ असूनही आपला मळाच देवाचे स्थान मानला, आणि त्यांना विठ्ठलाचे रूप भाजीपाल्यात दिसले. पोट भरणारे पीक आणि पूजेचे फूल यांच्यातली भिंतच त्यांनी काढून टाकली. व्यवहारात मराठी घराने शोधलेले उत्तर याहून साधे आहे: न्हाणीचे सांडपाणी जिथे वाहते तिथे कर्दळ, केळ आणि जास्वंद लावायची, म्हणजे फुलासाठी वेगळे पाणी मोजावे लागत नाही. सोवळ्याच्या बाबतीत काटेकोर असणाऱ्या घरांतही त्या पाण्यावर वाढलेले फूल अशुद्ध ठरवल्याचे ऐकिवात नाही. फुलाची शुद्धता ते तोडणाऱ्या हातावर मोजली जाते, मुळांनी काय प्यायले त्यावर नाही, आणि ही मुभा कोणत्या ग्रंथाने दिली हे विचारण्याची गरज कोणालाच वाटलेली दिसत नाही.

यापेक्षा कठीण प्रश्न हिंसेचा आहे. वनस्पतींना आतल्या आत जाणीव असते आणि सुखदुःखही असते असे मनुस्मृतीच्या पहिल्या अध्यायात म्हटले आहे, आणि महाभारताच्या शांतिपर्वातील भृगु-भरद्वाज संवादात झाडे ऐकतात, पाहतात, वास घेतात असा युक्तिवाद येतो. जैन दर्शन वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानते, म्हणजे केवळ स्पर्शाचे एकच इंद्रिय असलेला जीव, आणि या भूमिकेतून फूल तोडणे ही सूक्ष्म का होईना, हिंसाच ठरते. म्हणूनच दिगंबर जैनांत फुलावरून पंथभेद झाला: बीसपंथी मूर्तीला फुले वाहतात, तेरापंथी त्याऐवजी केशराने रंगवलेल्या अक्षता वापरतात. फलटणच्या बाजूच्या पट्ट्यात दिगंबर जैनांची वस्ती जुनी असल्याने हा वाद माणदेशाला परका नाही. हिंदू परंपरेनेही मानसपूजेच्या, म्हणजे मनातल्या मनात करायच्या पूजेच्या, संदर्भात आठ भावपुष्पे सांगितली आहेत, आणि त्यात पहिले फूल अहिंसेचे आहे. ज्या परंपरेत अहिंसा हेच पहिले फूल, तिच्यात रोज सकाळी परडी भरून फुले तोडली जातात. ही विसंगती विद्वानांनी बहुधा हसून सोडून दिली; ती सोडून देण्याजोगी नाही.

बागकामाचे ज्ञान येथे तत्त्वज्ञानाच्या उपयोगी पडते. वर्षायू झाडाचे फूल तोडणे म्हणजे त्याच्या एकुलत्या एका हंगामातला वाटा काढून घेणे. त्याला पुढचे वर्ष नसते, त्याचा वंश त्या बियांवरच उभा असतो. बहुवर्षायू झुडपाचे गणित वेगळे आहे. मोगरा किंवा जास्वंद यांचे फूल वेळीच खुडले तर फळ व बी घडवण्यात जाणारे बळ नव्या फुटव्याकडे आणि नव्या कळ्यांकडे वळते. मोगऱ्याची तर हिवाळ्यात पाणी तोडून छाटणी केल्याशिवाय उन्हाळ्यात नीट बहर येत नाही. झाडाला इजा होते का, या प्रश्नाचे उत्तर यामुळे ‘नाही’ असे होत नाही. परंतु इजा भरून काढणे हा ज्याच्या जगण्याचाच भाग आहे अशा जीवाकडून घेणे आणि एकदाच जगणाऱ्या जीवाकडून घेणे यांत नैतिक अंतर आहे, आणि अहिंसेचा विचार करणाऱ्याने निवड करताना ते मोजायला हवे. पारिजातक या बाबतीत सर्वांत निर्दोष ठरतो, कारण तो संध्याकाळी फुलतो आणि पहाटे आपली फुले स्वतःच गाळतो. जमिनीवर पडलेले फूल देवाला वाहू नये हा नियमही त्याच्यासाठी सैल झाला आहे, आणि तरीही शंका नको म्हणून कित्येक घरांत रात्री झाडाखाली स्वच्छ कापड अंथरतात. उन्हाळी म्हसवडला मात्र त्याला पहिली दोन-तीन वर्षे पाण्याची साथ द्यावी लागते, आणि त्याचा बहर पावसाळ्यानंतरचा, म्हणजे वर्षातले मोजके महिने, देवपूजा बारमाही.

फुलाची नैसर्गिक परिणती फळात असते. ते वाहणारा माणूस त्या परिणतीच्या आधीच त्याला झाडापासून वेगळे करतो, आणि त्यामुळे गीतेतील निष्काम कर्माचे, म्हणजे परिणामाची आस न धरता केलेल्या कर्माचे, प्रतीक म्हणून पुष्पपूजेकडे पाहण्याचा मोह प्रवचनकारांना होतो. रूपक देखणे आहे, पण त्यात एक गफलत आहे: फळ सोडावे लागले ते झाडाला, आणि त्या त्यागाचे पुण्य मात्र तोडणाऱ्याच्या खाती जमा केले जाते. दुसऱ्याच्या वाट्याचे सोडून देणे याला कोणतेही शास्त्र त्याग म्हणत नाही. या गफलतीतून सुटण्याचा एक मार्ग पुष्पोत्पादकांनी नकळत काढला आहे. अनेक पदरी पाकळ्यांची जास्वंद, भरगच्च मोगरा, दुहेरी तगर यांच्यात पुंकेसरांचे रूपांतर पाकळ्यांत झालेले असते, त्यामुळे ती बहुधा बी धरत नाहीत आणि त्यांची वाढ छाट कलमाने किंवा दाब कलमाने होते. अशा झाडाचे फूल तोडले तर फळ कोणाचेच हिरावले जात नाही. देवासाठी निर्दोष फूल हवे असेल तर हेच, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो तर्काला धरून होईल.

पण मग मधमाशीचे काय? पदरी फुलात पराग आणि मध तिला क्वचितच सापडतो, आणि जी बाग केवळ पदरी फुलांची आहे ती दिसायला भरलेली असली तरी किड्यामुंग्यांच्या लेखी ओसाडच. गृहस्थाच्या पाच नित्य यज्ञांत देवयज्ञ आहे तसाच भूतयज्ञही आहे, म्हणजे पशुपक्षी आणि कीटकांसाठी रोज काढायचा वाटा, आणि एक यज्ञ दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन करावा असे कोठेही सांगितलेले नाही. एकेरी पाकळीची तांबडी जास्वंद, शंकासुर, कुंपणावर चढणारी गोकर्ण ही उन्हात फुलणारी बहुवर्षायू झाडे या दृष्टीने पुन्हा विचारात घ्यावी लागतात: त्यांची काही फुले परडीत जावीत, काही झाडावर राहावीत, आणि किती राहावीत याचा हिशेब पूजा करणाऱ्याने मांडावा. परडी शिगोशीग भरण्याची हौस हा भक्तीचा भाग समजला जातो. शेजारच्या कुंपणावरून हात घालून भरलेल्या परडीविषयी तर बोलायलाच नको, कारण चोरीच्या फुलाने पूजा फळत नाही हे ऐकूनही पहाटे ती चोरी करणारे भक्त प्रत्येक गावात असतात.

शास्त्रात नाव नसलेल्या झाडांचे काय, हा प्रश्न त्या मानाने सोपा आहे. शिवालयांच्या आवारात पुरातन असल्यासारखा उभा असलेला देवचाफा मुळात मध्य अमेरिकेकडचा. झेंडू आणि निशिगंध मेक्सिकोकडचे, पिवळ्या फुलांची बिट्टी अमेरिकेतली, सदाफुली मादागास्करची. युरोपीयांच्या दर्यावर्दी काळाआधी यांपैकी कोणतेही फूल सिद्धनाथाला वाहिले गेले असणे शक्य नाही. तरीही ती आज देवाची फुले आहेत, आणि याला धर्मशास्त्राचीच अनुमती आहे, कारण श्रुती व स्मृती यांच्या जोडीला सदाचार, म्हणजे सज्जनांचा रूढ आचार, हाही धर्माचे प्रमाण मानला गेला आहे. चाफ्याचे म्हसवडच्या उन्हाशी जमते तेही ध्यानात घेण्याजोगे आहे: त्याच्या जाड फांद्या पाणी साठवतात, कोरड्या दिवसांत तो पाने टाकून देतो आणि ऐन उन्हाळ्यात उघड्या फांद्यांवर फुलतो. एखादे झाड प्रदेशाशी जुळले, लोकांनी ते राखले, की दोन-तीन पिढ्यांत देवही ते स्वीकारतो. बंदी टिकते ती केवड्यासारख्या एखाद्या कथेने बांधलेल्या फुलाची, आणि तीही शिवापुरती.

या सगळ्या विचाराला मुळातच निरर्थक ठरवू शकेल असे एक मत मराठीच्या आद्य परंपरेतच आहे. ज्ञानेश्वरीत, म्हणजे १२९० मधील गीताटीकेत, अठराव्या अध्यायात स्वतःचे विहित कर्म हेच फूल मानून त्याने सर्वव्यापी ईश्वराची पूजा करावी असा विचार येतो. मग अंगणात झाड हवे कशाला? या मताचा सरळ अर्थ घेतला तर बाहेरचे फूल अनावश्यक होते, आणि तसा अर्थ घेणारे शहाणे पुष्कळ आहेत. पण झाड राखणे हेही कर्मच आहे, आणि ज्या घराने पाच उन्हाळे एक मोगरा जगवला त्याच्या बाबतीत कर्माचे फूल आणि झाडाचे फूल ही दोन वेगळी राहत नाहीत. रूपकाने वस्तूला हाकलून द्यावे असे ज्ञानदेवांच्या मनात असेल असे त्यांच्या निसर्गप्रेमी शैलीवरून तरी वाटत नाही.

म्हणून म्हसवडच्या घरासाठी निवड अशी होऊ शकते: पश्चिमेच्या तापणाऱ्या भिंतीपासून थोडे अंतर सोडून चाफा, न्हाणीच्या पाण्यावर एकेरी जास्वंद, सकाळचे ऊन लागेल अशा जागी मोगरा, कुंपणावर गोकर्ण, आणि पाण्याची थोडी सोय असल्यास पारिजातक. तुळशीला तर अंगणात जागा असतेच. शिवाच्या नावाने कण्हेर लावायचीच असेल तर ती गोठ्यापासून आणि लहान मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर लावावी, आणि तिच्या छाटलेल्या फांद्या कधीही वैरणीजवळ टाकू नयेत. हिरवे पान कडू लागते म्हणून जनावर ते सोडते, पण वाळलेले पान चाऱ्यात मिसळून गेले तर ते खाल्ले जाते, आणि त्यातले विष वाळल्यानेही जात नाही.